वाळवी: कोटेशन २,२०० पासून १४,५०० पर्यंत. आणि ते लायसन्स नक्की कुणाचं?

अनुजा_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. वर्षभराने धागा काढतेय, तोही वाळवीच्या कृपेने.

गेल्या रविवारी लेकीला शाळेत 'आई लहान असताना' असा फोटो न्यायचा होता. म्हणून बेडरूममधल्या भिंतीतल्या कपाटाचा सगळ्यात खालचा कप्पा उघडला. वर ठेवलेला लग्नाचा अल्बम उचलला तर कव्हर शाबूत, आणि आतली पानं एकमेकांना चिकटून मातीची वडी झालेली. कपाटाच्या मागच्या प्लायला चमच्याची दांडी टेकवली, ती सरळ आत गेली, पापडात जावी तशी. खाली कोपऱ्यात भिंतीवरून शिसपेन्सिलीएवढा जाड मातीचा नळा वर चढलेला. आम्ही राहतो दुसऱ्या मजल्यावर. वाळवी ही तळमजल्यावाल्यांची भानगड, अशा समजुतीत एकोणीस वर्षं काढली.

चौघांना विचारलं. पहिल्याने फोनवरच २,२०० सांगितले, 'ताई, दोन तासांत मोकळं करतो.' दुसरा घरी आला, टॉर्च मारली, सगळ्या चौकटी टिचकी मारून वाजवल्या, ६,८०० आणि एक वर्षाची वॉरंटी. तिसरी मोठी कंपनी: टॅबवर फोटो काढले, १४,५०० अधिक जीएसटी, पाच वर्षं. चौथा म्हणाला, 'सगळं हर्बल आहे, वास नाही', ४,०००.

भाऊ म्हणाला लायसन्स विचार. पहिल्याने शॉप ॲक्टचा फोटो पाठवला. दुसऱ्याने कृषी विभागाचा कागद दाखवला. आमच्या कपाटाचा आणि शेतीचा काय संबंध, हे मला कळेना. घरात सासूबाईंना दमा आहे, लेक चार वर्षांची. कुणावर विश्वास ठेवू?

टिंबटिंब

पहिला महत्त्वाचा प्रश्न: अल्बममधल्या नवरदेवाला वाळवीने खाल्लं की सोडलं?

अनुजा_सिंहगडरोड

दोघांनाही सोडलंय. फक्त भटजी गेले आणि माझी एक आत्या.

टिंबटिंब

म्हणजे पुरावाच संपला. तुम्ही मोकळ्या आहात. (हलकेच घ्या.)

खडूस_काका

मी निवृत्त स्थापत्य अभियंता, म्हणून थोडं बोलतो. वाळवीच्या कामासाठी भारतीय मानक आहे, आयएस ६३१३. त्याचे तीन भाग. पहिला बांधकामातली काळजी, दुसरा पाया भरताना करायची फवारणी, तिसरा राहत्या इमारतीसाठी. तिसऱ्या भागाप्रमाणे भिंत आणि जमीन जिथे भेटतात तिथे साधारण फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडायची, फूटभर खोल, आणि त्यात औषध दाबाने भरायचं. नुसता पंप मारून जाणारा माणूस वाळवीचं काम करत नाही, घर ओलं करतो. २,२०० वाल्याला दारातूनच नमस्कार.

आमच्या उमेदीच्या काळात इमारतीच्या पायामध्ये अल्ड्रिन हे वाळवीचं औषध ओतायचे. १९९६ मध्ये त्यावर बंदी आली. ते मातीत वर्षानुवर्षं राहायचं आणि काम चोख करायचं. बंदी का आली तेही तेच कारण म्हणा.

बे_दुणे_पाच

काका, दुसऱ्या मजल्यावर फूटभर खोल भोक पाडलं तर पहिल्या मजल्यावाल्याच्या ताटात औषध पडेल की हो. स्लॅब पाच-सहा इंचाचा असतो.

खडूस_काका

मान्य. लिहिताना तळमजलाच डोळ्यासमोर होता. फूटभर खोली ही जमिनीला टेकलेल्या फरशीसाठी. वरच्या मजल्यावर स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या पायथ्याच्या पट्टीच्या, रेषेत तिरकी, दोन-तीन इंचांची भोकं घ्यायची, आणि चौकटीच्या पाठीमागे, कपाटाच्या मागच्या भिंतीत. त्याआधी विजेच्या आणि पाण्याच्या नळ्या कुठून गेल्यात ते बघायचं. आमच्या सोसायटीत एका घरी ड्रिलवाल्याने गीझरचा पाइप फोडला होता. वाळवी राहिली बाजूला, प्लंबर शोधत बसले.

वऱ्हाडी_ठेचा

आमच्याकडं वाळवीले उधई म्हंतेत. आजोबा सांगायचे का सागाले उधई लागत नाही. लागते बाप्पा! आतला पिवळसर-तपकिरी भाग टिकते, वरचा पांढरा भाग चाटूनपुसून खाते. दुकानदार त्याच पांढऱ्या फळीले पॉलिश मारून 'प्युअर साग' म्हणून विकते.

फणसगरे

कोकणात वाशांना काजूच्या टरफलाचं तेल लावायची पद्धत. होड्यांनाही तेच. काळंकुट्ट, उग्र, आणि हाताला लागलं तर कातडी सोलवटून निघते. माझ्या आजोळच्या माडीला ऐंशी वर्षांत वाळवी नाही. ते तेल लावणाऱ्या आमच्या गड्याचे हात मात्र मला अजून आठवतात. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' म्हणणाऱ्यांना ते हात दाखवावेसे वाटतात.

चकलीताई

पण उगीच रसायनं कशाला? आम्ही कडुलिंबाचं तेल, कापूर आणि हिंग वापरतो. घरात मुलं असताना विष फवारायचं म्हणजे काय? तो चौथा हर्बलवाला मला तरी बरा वाटतोय.

कीडनाशक

बरीच वर्षं इथे नुसता वाचक होतो. या धाग्याने लिहितं केलं, कारण माझं पोट यावरच आहे. तेरा वर्षं हाच धंदा, पिंपरी-चिंचवड भागात. नाव-नंबर देणार नाही, जाहिरात नको.

आधी लायसन्स. शॉप ॲक्ट म्हणजे दुकान थाटल्याची नोंद. वडापावची गाडी दुकानात गेली की तिलाही तो काढावा लागतो. कीटकनाशक धंदा म्हणून वापरायचं असेल तर परवाना लागतो कीटकनाशक कायदा १९६८ आणि त्याखालच्या १९७१ च्या नियमांप्रमाणे, आणि तो देतो राज्याचा कृषी विभाग. त्यासाठी कृषी पदवीधर असावं लागतं, किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञान पदवी, आणि वर किमान पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ते म्हैसूर, हापूड किंवा हैदराबादच्या सरकारी संस्थेत करायचं. मी बी.एस्सी. केमिस्ट्री, हैदराबादला केलं. तिथे पहिल्या दिवशी मास्क कसा घालायचा ते शिकवलं आणि मला कळलं की त्याआधीची दोन वर्षं मी तो उलटा घालत होतो.

आता तुमच्या चार कोटेशनचं. २,२०० मध्ये दोन पोरं, पेट्रोल, ड्रिलचे बिट, व्हाइट सिमेंट आणि औषध हे बसतच नाही. यातलं काहीतरी गाळावं लागतं, आणि गाळायला सगळ्यात सोपं औषध, कारण पाणी पण तसंच दिसतं. ६,८०० हा दोन बेडरूमच्या घराला, वरच्या मजल्यावर, रास्त दर. माझा साधारण तेवढाच होतो. १४,५०० मध्ये पाच वर्षांच्या फेऱ्या आणि टॅबवाल्या साहेबांचा पगार आहे. काम वाईट नसतं, पण भोकं पाडणारी पोरं बऱ्याचदा माझ्याकडूनच शिकून गेलेली असतात.

हर्बलवाल्याबद्दल एवढंच विचारा: डब्यावरचं लेबल दाखव. मी काही 'हर्बल' डबे पाहिलेत ज्यांच्यावर लेबलच नव्हतं.

हिशेबनीस

@कीडनाशक, पाणी किती घालायचं ते सांगा ना. ग्राहकाला मोजता येईल असं काहीतरी हवं.

कीडनाशक

क्लोरपायरिफॉस २० ईसी (म्हणजे वीस टक्क्यांचं, पाण्यात मिसळायचं औषध) असेल तर एक लिटर औषधाला एकोणीस लिटर पाणी, म्हणजे भिंतीत जातं ते एक टक्का. दुधासारखं पांढरं होतं, वास येतो. इमिडाक्लोप्रिड ३०.५ एससी (साडेतीस टक्क्यांचं घट्टसर औषध) असेल तर लिटरभर पाण्याला साधारण २.१ मिली. त्याला वास नाही. दम्याचं माणूस घरात असेल तर मी हेच वापरतो. 'वास नाही म्हणजे हर्बल' ही थाप याच औषधावर चालते.

बाटली तुमच्यासमोर फोडायला सांगा, मिश्रण तुमच्यासमोर करायला सांगा. खळखळ करणारा माणूस नको. आणि बिलावर औषधाचं नाव लिहून घ्या. 'पेस्ट कंट्रोल केले' एवढंच लिहिलेलं बिल वॉरंटीच्या भांडणात रद्दी असतं.

निवृत्त_आनंदी

अनुजाताईंचा 'शेतीशी काय संबंध' हा प्रश्न मी नोकरीत असताना शेकडो वेळा ऐकलाय. कृषी खात्यातून निवृत्त झालो, म्हणून थोडा इतिहास.

१९५८ साली केरळ आणि मद्रास भागात पॅराथिऑन हे कीटकनाशक सांडलेला गहू-पीठ लोकांच्या पोटात गेलं आणि शंभरावर माणसं दगावली. जहाजातून धान्य आणि विष एकत्र आलं होतं. त्यावर चौकशी आयोग बसला, मग तज्ज्ञ समिती, आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, कायदा आला. कीटकनाशक शेतात मारा, गोदामात मारा नाहीतर ओट्याखाली मारा, कायदा एकच. म्हणून परवाना देणारं खातंही एकच. तुमच्या कपाटातली वाळवी सरकारदरबारी शेतकऱ्याच्या मावा-तुडतुड्यांच्या पंगतीला बसते.

डब्यावर एक चौकोन असतो, उभा तिरका, त्याचा खालचा त्रिकोण रंगीत. लाल म्हणजे अतिजहाल, पिवळा त्याखालोखाल, मग निळा, मग हिरवा. घरात लाल किंवा पिवळा त्रिकोण दिसला तर तिथेच थांबवा आणि का, ते विचारा. वाचता येत नसलेल्या मजुरालाही कळावं म्हणून ही खूण. शिकलेलेच ती बघत नाहीत.

चकलीताई

माहितीबद्दल आभार, पण कडुलिंबाचं काय ते कुणीच बोललं नाही.

कीडनाशक

ताई, डाळ-तांदळाच्या डब्यात कडुलिंबाचा पाला, एरंडेल लावलेली तूर, हे सगळं मी माझ्या घरीही करतो. टोके आणि सोंडे दूर राहतात. वाळवीचं वारूळ मात्र तुम्हाला दिसतं त्या जागी नसतं. दिसतात ते मजूर. त्यांना कडुलिंबाचा वास आला की ते पाचवा रस्ता काढतात. आणि झुरळाच्या फवाऱ्यातलं पायरेथ्रम मुळात शेवंतीच्या कुळातल्या फुलांपासूनच काढतात. फुलातून आलं म्हणून किड्याला ते कमी लागत नाही.

मासेवाली_मनीषा

फवाऱ्यावरून आठवलं. माझ्याकडे दोन फुटी टाकीत गप्पी आणि एंजल होते. झुरळांसाठी फवारणी झाली, मी टाकीवर वर्तमानपत्र टाकलं आणि हुशारीने हवेचा पंप चालू ठेवला, माशांना श्वास नको का. पंपाने खोलीतली हवाच पाण्यात ओढली. संध्याकाळी सगळे आडवे. फवाऱ्यातलं पायरेथ्रॉइड (पायरेथ्रमची कारखान्यात बनवलेली भावंडं) माशांना फारच जहाल असतं, हे त्या माणसाला माहीत नव्हतं आणि मलाही. टाकी खोलीबाहेर न्या, नाहीतर पंप बंद करून घट्ट झाका. मांजरवाल्यांनीही आधी सांगून ठेवा.

बे_दुणे_पाच

झुरळांचा विषय निघालाच आहे तर माझा प्रश्न. जेल, म्हणजे औषध घातलेल्या आमिषाचे ठिपके, लावलं, १,२०० गेले. आठ दिवसांत झुरळं परत. फसवणूक?

कीडनाशक

जेल लावल्यावर वरून स्प्रे मारला का?

बे_दुणे_पाच

हो. झुरळ दिसलं म्हणून मारला.

कीडनाशक

मग झालं. स्प्रेच्या वासाने झुरळ जेलच्या ठिपक्याकडे फिरकत नाही. बाजारातले लाडू मांडून दारावर कुत्रा बांधल्यासारखं आहे ते. जेलच्या जागा पुसायच्या नाहीत, फिनाइल नाही, स्प्रे नाही. शिवाय लहान, तपकिरी, पाठीवर दोन काळे पट्टे असलेल्या झुरळाच्या एका कोशात तीस-चाळीस अंडी असतात आणि कोशावर औषध चालत नाही. म्हणून तीन आठवड्यांच्या आसपास दुसरी फेरी हवी. पहिल्याच दिवशी 'एका फेरीत खल्लास' म्हणणाऱ्याला ओळखा. मोठं, उडणारं झुरळ गटारातून येतं, त्याला जेलपेक्षा मोरीची जाळी जास्त कामाची.

टिंबटिंब

बेदुणेपाच यांनी झुरळांना उपवास घडवला. पुण्य लागेल.

गिरगावकर

मुंबईकरांचा हक्काचा विषय राहिला, ढेकूण. आमच्या चाळीत लोखंडी खाटा अंगणात उभ्या करून सांध्यांत उकळतं पाणी ओतायचे. कुणी रॉकेल. दर महिन्याला समारंभ. मग मधली वीस-पंचवीस वर्षं ढेकूण नाहीसेच झाले. आता ठाण्यात नव्या फ्लॅटमध्ये, वीस हजारांच्या गादीत, परत भेटले. मुलगा होस्टेलवरून बॅगेतून घेऊन आला. दोन फेऱ्यांचे ३,५०० दिले, गेले नाहीत. आणखी दोन फेऱ्या, तेव्हा गेले.

वऱ्हाडी_ठेचा

नागपूरच्या मे महिन्यात गादी गच्चीवर टाका. फुकटात काम. त्रेचाळीस-पंचेचाळीस तर रोजचंच हाये.

हिशेबनीस

ढेकूण मरायला पन्नासच्या आसपास तापमान, तेही काही काळ सलग लागतं. गादीचं कापड तापतं, पोटात तेवढं होत नाही. ढेकूण पोटात सरकतात आणि उन्हं कलली की परत येतात. चादरी, उशांचे अभ्रे मात्र साठ अंशांच्या पाण्यात धुवा. ढेकणाची अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन आठवड्यांनी दुसरी फवारणी. गिरगावकर, तुमच्या दोन फेऱ्यांत अंतर किती होतं?

गिरगावकर

चार दिवस. त्याला गावी जायचं होतं.

हिशेबनीस

म्हणजे अंड्यांना विचारून यायला हवं होतं.

गिरगावकर

:)) अवांतर: मुंबई महापालिकेचं कीटकनाशक खातं आहे, त्यांचे रात्रपाळीचे मूषक संहारक काठी आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांत फिरायचे, रात्रीत तीस उंदरांचं लक्ष्य. आमच्या गल्लीत एक जण यायचा. एका फटक्यात काम. मी लहानपणी मोठेपणी काय होणार विचारल्यावर हेच सांगायचो. आई फार वर्षं काळजीत होती.

सॅनहोजेकर

इथल्या वाळवीचं सांगतो. कॅलिफोर्नियात या कामासाठी राज्याचं वेगळं मंडळ आहे, स्ट्रक्चरल पेस्ट कंट्रोल बोर्ड. परवान्याचे तीन प्रकार: एक नुसता धुरीचा, दुसरा झुरळ-मुंग्यांचा, तिसरा वाळवीचा. क्रमांक टाकला की माणसाची नोंद संगणकावर दिसते. घर विकताना वाळवीचा तपासणी अहवाल हा नेहमीचा कागद.

आमच्याकडची कोरड्या लाकडातली वाळवी, तिला माती लागत नाही. सबंध घराला ताडपत्री गुंडाळून आत सल्फ्युरिल फ्लोराइड वायू सोडतात. दोन रात्री हॉटेलात. जाण्याआधी सगळं अन्न त्यांनी दिलेल्या दुहेरी पिशव्यांत बांधायचं. बायकोने गोडा मसाला, मेतकूट, आईने पाठवलेल्या सांडग्यांची बरणी, एकेक पिशवीत बांधता बांधता रात्रीचे दोन वाजवले. निळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या तंबूत घर, शेजाऱ्यांची पोरं विचारायला आली सर्कस कधी सुरू होणार. खर्च तीन हजार डॉलरच्या वर.

खडूस_काका

धुरीवरून एक धोक्याची गोष्ट. गव्हाच्या कोठीत टाकायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही लोक ढेकणांसाठी घरात ठेवतात. 'रामबाण' म्हणून. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन वायू निघतो. भिंतीतल्या फटीतून, डक्टमधून तो शेजारच्या घरात जातो. झोपेतली माणसं गेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. राहत्या इमारतीत ती गोळी कुणी काढली तर भांडा, पोलिसांना बोलवा, संकोच करू नका.

निवृत्त_आनंदी

काकांना हजार वेळा अनुमोदन. ती गोळी किरकोळीत कुणालाही विकायची परवानगीच नाही, तरी मिळते. तसंच नुवान म्हणून जे लोक मागतात ते डायक्लोरव्हॉस, त्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून पूर्ण बंदी आहे. कुणी 'जुना स्टॉक आहे, एकदम कडक' म्हणाला तर त्याच्यासह डबाही घराबाहेर.

सोसायटी_सचिव

मूळ प्रश्नाकडे येतो. आमच्या ४८ फ्लॅटच्या सोसायटीने वर्षाचा एकत्र करार केलाय. झुरळ-मुंग्यांसाठी प्रत्येक घराला चारशे रुपये, वर्षात तीन फेऱ्या, डक्ट आणि चेंबर धरून. एकट्याने बोलावलं की हजार-बाराशे एका फेरीचे. वाळवी त्यात नाही, तिचा दर प्रत्येक घराप्रमाणे. सर्वसाधारण सभेत या विषयावर दीड तास चर्चा झाली, त्यातला एक तास दहा मिनिटं 'आमच्याकडे झुरळं नाहीतच' हे सिद्ध करण्यात.

कीडनाशक

सचिव, तुमच्यासारखे दहा भेटले तर आमच्या पोरांची लग्नं होतील.

अनुजाताई, एक राहिलं. दुसऱ्या मजल्यावर वाळवी हवेतून टपकत नाही. ती खालून डक्टने, पाइपच्या कडेने किंवा विजेच्या नळीतून चढते आणि जिथे ओल सापडते तिथे मुक्काम ठोकते. तुमच्या कपाटाच्या भिंतीपलीकडे काय आहे?

अनुजा_सिंहगडरोड

बाथरूम.

कीडनाशक

मग औषधाआधी तिथे हात लावून बघा.

चकलीताई

वाचनखूण साठवली. हर्बलवाल्याला मीही फोन केला होता, लेबलचा फोटो मागितला. 'कंपनीचं सिक्रेट आहे' म्हणाला.

अनुजा_सिंहगडरोड (बारा दिवसांनंतर)

उशीर झाला, क्षमस्व. वृत्तान्त देते.

६,८०० वाल्याला बोलावलं. परवान्यावर नाव आणि पत्ता त्याचाच होता. येताना दोन मुलं, सीलबंद बाटली, इमिडाक्लोप्रिड. त्रिकोण निळा, मी काकांच्या आणि निवृत्त_आनंदींच्या भीतीने चष्मा लावून पाहिला. मोजमापाच्या पेल्याने औषध घालताना मी शेजारी उभी, तेव्हा मोठा मुलगा म्हणाला, 'मॅडम, तुम्ही आधी या लाइनमध्ये होता का?' कपाटाची मागची फळी काढली तर प्लायच्या जागी नुसता पापुद्रा, आत राखाडी माती आणि पांढरी वळवळ. मला दोन दिवस भात खाववला नाही. स्कर्टिंगला ७४ भोकं (मोजली), इंजेक्शनने औषध, वरून व्हाइट सिमेंट. सासूबाई आणि लेक दिवसभर नणंदेकडे. बिलावर औषधाचं नाव, वर्षभरात परत दिसली तर फुकट फेरी. कपाट मात्र आमच्या खर्चाने, वॉरंटी औषधाची असते, फर्निचरची नाही, हे त्याने आधीच सांगितलं. सुतार २३,००० म्हणतोय. आजवर वाळवीवर जे वाचवले ते यात गेले.

आणि भिंत. कीडनाशक, तुमच्या तोंडात साखर पडो. फळी काढल्यावर मागचं प्लास्टर हाताला गार आणि ओलं. प्लंबर म्हणाला गळती आमच्या बाथरूमची नाही, वरून झिरपतेय. वरच्यांकडे गेले तर 'आमच्याकडे काही गळत नाही, तुमचंच जुनं असेल' म्हणून दार लावून घेतलं.

सोसायटी_सचिव

वरच्या-खालच्या गळतीवर वेगळा धागा काढा. मी पॉपकॉर्न आणतो.

टिंबटिंब

भटजींचा फोटो परत मिळाला का?

अनुजा_सिंहगडरोड

नाही. आत्याचा तिच्याकडूनच मागवला.

ताजी बातमी: आत्ता वरच्या काकू खाली आल्या होत्या. गळतीबद्दल चकार शब्द नाही. हळूच म्हणाल्या, 'आमच्या देवघराच्या मागे काहीतरी मातीची रेघ दिसतेय. तुमच्याकडे आला होता त्या मुलाचा नंबर आहे का?'

बे_दुणे_पाच

मलाही व्यक्तिगत निरोप करा. झुरळांसाठी. या वेळी स्प्रे बायकोने लपवलाय.